पुढच्या काचेवरचा पाठिंबा

साहेब, हे उघडं पत्र आहे आणि आरोप सरळ आहे. तुमच्या शहरात वाहतुकीचे नियम दोन आहेत. काच मोकळी असलेल्याला एक, आणि काचेवर तुमच्या वाहतूक शाखेचा स्टिकर असलेल्याला दुसरा. मोकळ्या काचेला दंड, स्टिकरला सलाम. हे तुम्हाला ठाऊक नाही असं म्हणू नका. ते तुमच्याच टेबलाशी बसून ठरलं, आणि ज्याने ते स्टिकर कापून दिले त्याच्या घरात काय झालं ते खाली लिहिलं आहे. आधी वाचा. मग काय नाकारायचं ते नाकारा.

त्याला सगळे रेडियमवाला म्हणायचे. नंबरप्लेटी, गाड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, काय म्हणाल ते तो करून द्यायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून रेडियमचे रोल उभे, मधे टेबल, टेबलाच्या टोकाला कटिंग मशीन. मशीन सुरी फिरवून अक्षरं कापायचं आणि मग हा ब्लेडच्या टोकाने नको तेवढा भाग सोलून काढायचा. माणूस सहा फूट उंच, पण काम मुंगीचं. हात मात्र असा की एकदा चिकटवलेली पट्टी पुन्हा उचलावी लागली, असं कधी व्हायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी वाहतूक शाखेच्या साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, त्याला बोलावून घेतलं. पोलिसांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करायचा होता. जो देणगी देईल त्याला 'शुभचिंतक' म्हणून एक स्टिकर मिळणार. निळी ढाल आणि तिच्यावर चंदेरी अक्षरं, 'आम्ही पोलिसांसोबत'.

"झकास करून द्या. लोकांना लावावासा वाटला पाहिजे," साहेब म्हणाले.

"साहेब, साधा छापील घेऊच नका," रेडियमवाल्याने आपणहून सुचवलं. "चमकणारा घ्या. दिवसा असो की अंधारात, चौकाच्या पलीकडून दिसेल."

"वा! हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, पुढच्या काचेवर लावायचा. ड्रायव्हरच्या बाजूला, खाली. ते ठरलेलं आहे."

का ठरलेलं आहे, हे विचारावं असं त्याला वाटलं नाही. मोठी ऑर्डर हातात आली की माणसाला फार प्रश्न पडत नाहीत. पहिला नमुना कापला तो त्याने स्वतःच्या गाडीला लावला. साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, ढाल ठेवली, प्लास्टिकच्या पट्टीने हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढला आणि लांब जाऊन पाहिलं. छाती भरून आली त्याची.

आणि त्या दिवसापासून त्याचं आयुष्य सोपं झालं! बँकेत जायचं तर गाडी दारातच, भले तिथे उभी करायची मनाई असो. घरी लवकर जायचं तर उलट्या बाजूने. शिट्टी कधी वाजली नाही. उलट हवालदार मान डोलवायचे. गड्याला वाटायचं, वय झालं तसं आपल्या चेहऱ्यावर एक सज्जनपणा उतरलाय. लोक ओळखतात हो, चांगला माणूस लगेच ओळखू येतो!

त्या सोमवारी सकाळी तो दुकानाकडे निघाला होता. मोठ्या चौकात सिग्नल लागला. पुढच्या गाड्या सरकल्या म्हणून हाही सरकला आणि पांढरी रेषा ओलांडून थेट पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर जाऊन थांबला. शेजारी एक शाळेची व्हॅनही तशीच पट्ट्यांवर आली होती. व्हॅन ओळखीची होती. चालवणारी तर त्याहून ओळखीची. ती त्याची सख्खी थोरली बहीण होती.

शिट्टी वाजली. हवालदार आला. त्याने दोन्ही गाड्यांच्या काचांवरून नजर फिरवली आणि व्हॅनला हाताने खूण केली, बाजूला घ्या. मग रेडियमवाल्याकडे वळून हसला.

"शेठ, जरासं मागे घ्या हं. या, या, बस."

सिग्नल सुटला. रेडियमवाल्याने आरशात पाहिलं. ताई काच खाली करून कागदं देत होती. मागच्या खिडकीला दहाबारा पोरांची नाकं चिकटली होती. आपण थांबून काय करणार, त्याने मनाशी म्हटलं. दुकान उघडायला उशीर होत होता. त्याने गाडी पुढे काढली.

वाचकहो, गुन्हा म्हणावा तर तो इथे घडला. रेषा ओलांडली त्यापेक्षा मोठा.

दुपारी पोरांना घरोघरी सोडून ताई दुकानात आली. ती बसली नाही. टेबलावर सोललेल्या रेडियमचा चोथा पडला होता, तो हाताने बाजूला सारला आणि एक कागद ठेवला.

"वाच."

त्याने वाचला. वर्षभरातला तिसरा गुन्हा. लायसन्स तीन महिने निलंबित का करू नये, याबद्दल शुक्रवारी सुनावणी.

"अगं, तिसरा? आधीचे दोन कुठले?"

"एकदा शाळेच्या फाटकाशी थांबले होते, पोरं उतरवायला. तिथे थांबायला मनाई आहे. एकदा डावा दिवा गेला होता, मला कळलंच नाही. आणि हा तिसरा. खोटा एकही नाही, टिल्ल्या. तिन्ही चुका माझ्याच."

चव्वेचाळीस वर्षांच्या, सहा फुटी माणसाला टिल्ल्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

"तीन महिने म्हणजे..."

"म्हणजे व्हॅन बंद. शाळेने आजच सांगितलं, लायसन्स नाही तर दुसरा ड्रायव्हर बघू. एकदा दुसरा आला की मला परत कोण घेतंय? तुझे भावोजी कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेत. पोरीचं शेवटचं वर्ष आहे. ते सगळं ठेव बाजूला. मला एक सांग, तू माझ्या शेजारी होतास ना?"

त्याने ब्लेड उचललं, परत ठेवलं. "होतो की."

"बघितलंस मला?"

"बघितलं. पण दुकान उघडायचं होतं गं."

"बरं, दुकान उघडलंस. आता तोंड उघड. तुझी गाडी रेषेच्या पुढे होती का मागे?"

"पुढे."

"माझ्याइतकी?"

"थोडी जास्तच असेल."

"मग तुला काय झालं?"

"मला काही नाही झालं. त्याने मागे घ्यायला सांगितलं."

"गोड बोलून सांगितलं?"

रेडियमवाल्याने होकारार्थी मान हलवली. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. हाताचं काम येणाऱ्या माणसाला संकट आलं की हातातलंच सुचतं.

"अगं, एवढंच आहे ना? मी आत्ताच्या आत्ता तुझ्या व्हॅनला एक लावून देतो! दोन मिनिटांचं काम. मलाच कसं आधी सुचलं नाही, घरचं माणूस असून!"

आणि तो खरंच उठला. एका हातात साबणपाण्याची बाटली, दुसऱ्या हातात निळी ढाल. दाराशी पोचला तर ताई आडवी उभी.

"लावल्यावर काय होईल?"

"कोणी थांबवणार नाही."

"म्हणजे उद्या मी बारा पोरं घेऊन लाल सिग्नल तोडला, तरी कोणी थांबवणार नाही?"

"तू कशाला तोडशील?"

"तू का तोडतोस? उलट्या बाजूने घरी येतोस, तुझी बायको जीव मुठीत धरून बसते शेजारी. आधी असा चालवायचास तू? लायसन्स काढलंस तेव्हा कोपऱ्यावर तीनदा हॉर्न वाजवायचास! अरे, त्या पोरांच्या आयांनी माझ्या हाती पोरं काय म्हणून दिलीत? हिला कुणी थांबवणारं नाही म्हणून?"

दुकानाबाहेरच्या बाकावर एक म्हातारा रोज फुकटात पेपर वाचायला बसायचा. एकतीस वर्षं वाहतूक हवालदार म्हणून चौकात उभा राहिलेला माणूस. गुडघे गेले, मिशा राहिल्या. गल्लीतले सगळे त्याला काका म्हणायचे. काकांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"टिल्ल्याशेठ, मी एक विचारू?"

"काका, तुम्ही तरी टिल्ल्या म्हणू नका."

"बरं. हा स्टिकर तू अभिमानाने लावलास ना? पोलिसांबद्दल आदर आहे म्हणून?"

"आहेच की! तुम्ही पोलीसच होतात. तुम्हाला नाही आवडला?"

"मग मागच्या काचेवर का नाही लावलास?"

"अं?"

"माणूस अभिमान जगाला दाखवतो. मागच्या काचेवर लावला असतास तर तुझ्या मागून येणाऱ्या शंभर लोकांनी वाचला असता. पुढची काच कोण वाचतं रे? समोरून येणाऱ्याला वेळ नसतो. तिथे बघणारा एकच माणूस असतो, चौकात उभा असलेला. आणि चमकणारा कशाला? लांबून दिसावा म्हणून. कुणाला दिसावा? हात वर करायच्या आधी त्याला कळलं पाहिजे, की हा हात वर करायचा नाही!"

रेडियमवाल्याच्या हातातली ढाल ओली होऊन वाकायला लागली होती. चमकणारा घ्या, हे त्याचंच सुचवणं होतं. एवढ्या वर्षांत ते कुणी त्याला असं उलगडून दाखवलं नव्हतं.

"पण काका, निधी तर चांगल्या कामासाठी..."

"चांगल्या कामाला दे की! हात आखडू नकोस. माझी बायको आजारी होती तेव्हा असल्याच निधीतून औषधं आली, मी विसरलेलो नाही. पण देऊन मोकळा हो. दिल्याची चिठ्ठी कपाळाला लावून फिरतोस आणि वर नियमातून सुटतोस, ती देणगी नव्हे. तो सौदा झाला." काकांचा आवाज चढला. "मी सासऱ्याला दंड केलाय भर चौकात! बायको पंधरा दिवस बोलली नाही. सासरा तर मरेपर्यंत मला 'या साहेब' म्हणायचा. पण त्या चौकात माझ्या शिट्टीला वजन होतं. का होतं? ती कुणासाठी वाजेल आणि कुणासाठी नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. आज तुम्ही लोकांनी तिला ओळख शिकवलीत. पोलिसांना पाठिंबा म्हणे! वर्दी उतरवलीत तुम्ही आमची, आणि काचेला चिकटवलीत!"

एवढं ऐकून माणूस सुधारला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण सवय लागलेला माणूस आधी आडवाटच शोधतो. दुसऱ्या दिवशी रेडियमवाला साहेबांकडे गेला. मनात म्हणाला, तत्त्वाचं नंतर बघू, आधी ताईचं लायसन्स वाचवू.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली.

"तुमच्या सख्ख्या बहिणीचं? अहो, मग आधी नाही का सांगायचं! घरचंच काम आहे. शुक्रवारी येऊ दे त्यांना, नुसती समज देऊन सोडतो. फाईल बंद. आणि त्या व्हॅनला एक लावून टाका बुवा, परत परत ही कटकट नको. बरं झालं आलात, नवी ऑर्डर काढतोय. यंदा दोन आकारांत."

रेडियमवाला तरंगतच बाहेर आला. जिन्याशी तोच चौकातला हवालदार भेटला. रेडियमवाल्याने हसून नमस्कार केला. हवालदार हसला नाही.

"शेठ, ती व्हॅनवाली बाई तुमची कोण?"

"बहीण माझी."

"सख्खी?" हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं. "आणि तुम्ही निघून गेलात?"

रेडियमवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. "तुम्हीच तर मला जा म्हणालात!"

"मला काय हौस आहे? गेल्या वर्षी एका ढालवाल्याला थांबवलं मी. फोनवर बोलत चालवत होता. दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी बदलली, चार महिने गोदामाबाहेर उभा होतो. त्यानंतर मी आधी काच बघतो. माझी मुलगी त्याच चौकातून सायकलने शाळेत जाते, शेठ. तुमच्यासारख्या गाड्यांना जा म्हणताना मला काय वाटत असेल?"

तुमच्यासारख्या गाड्या! रेडियमवाल्याला स्वतःची गाडी आजवर कुणाच्या पोरीसाठी धोक्याची वाटली नव्हती. तरी ताईच्या घरी पोचेपर्यंत त्याने चेहरा हसरा केला.

"झालं काम! समज देऊन सोडणार. फाईल बंद!"

ताई भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"अगं, लायसन्स वाचलं!"

"माझ्या आधी बाजूला घेतलेला एक टेम्पोवाला होता तिथे. त्याचंही तिसरंच आहे. त्याचा भाऊ रेडियमवाला नाही. त्याने काय करायचं?"

"जगाचं मी काय करू? मी तुझं बघतोय!"

"तेच तर! प्रत्येक जण आपल्या बहिणीचं बघतो आणि चौकात उभा राहणारा बिचारा कुणाला थांबवायचं ते शोधत बसतो." ती पदराला हात पुसत त्याच्यासमोर आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "टिल्ल्या, मला लायसन्स हवंय. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण असं नकोय. असं मिळालं तर मी उद्यापासून त्यांची मिंधी. उद्या शाळेच्या फाटकाशी ढालवाल्या गाड्या आडव्या उभ्या राहतील, पोरांना मधून वाट काढावी लागेल, आणि मी तोंड उघडू शकणार नाही. मला शिक्षा करायची तर खुशाल करा. फक्त तुझ्या मापाने मला मोजा, नाहीतर माझ्या मापाने तुला. तुला काही करायचंच असेल तर शुक्रवारी ये आणि जे झालं ते सांग. तेवढी छाती नसेल तर येऊ नकोस. मी रागावणार नाही."

"ताई, मी खरं सांगितलं तर समजही मिळणार नाही. लायसन्स जाईल तुझं!"

"ठाऊक आहे मला."

वाचकहो, ठाऊक असून ती असं म्हणाली. आपल्यापैकी किती जण म्हणतील?

शुक्रवारी सकाळी रेडियमवाल्याने दुकान उघडलं आणि पहिलं काम केलं ते स्वतःच्या गाडीचं. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, काचेला ऊब दिली, नखाने कोपरा उचलला आणि ढाल सोलून काढली. मागे डिंक राहिला, तो रॉकेलच्या फडक्याने घासला. काका बाकावरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त पेपर बाजूला ठेवून उभे राहिले. गुडघे दुखत असताना.

पुढे जे झालं त्यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. वाहतूक शाखेत जाताना त्याने नेहमीसारखं बाजारातल्या वळणावरून उजवीकडे घेतलं. तिथे उजवीकडे वळायला मनाई आहे. तीन वर्षं तो रोज तिथूनच वळत होता. शिट्टी वाजली!

"लायसन्स काढा."

"अहो, मी..." म्हणत त्याने नकळत काचेकडे बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं. पावती फाटली. पावती खिशात घालून तो गाडीत बसला आणि एकटाच मोठ्याने हसला. मग त्याचं हसू विझलं. त्याला आठवेना, की या वळणावर समोरून कोण येतंय हे आपण शेवटचं कधी पाहिलं होतं.

सुनावणीच्या खोलीबाहेर बाकं भरली होती. रिक्षावाले, सामान पोचवणारे, एक म्हातारे मास्तर स्कूटरची कागदं छातीशी धरून बसलेले. दार उघडंच होतं. आत साहेब, त्यांच्या बाजूला हवालदार. ताईचं नाव पुकारलं गेलं. तिच्या मागोमाग रेडियमवाला शिरला.

"या, या! बसा ताई," साहेब म्हणाले. "हे बघा, मुलांची ने-आण करता, जबाबदारीचं काम आहे. यावेळी समज देतो. पुन्हा काळजी घ्या. झालं!"

ताई बसली नाही. "साहेब, माझी चूक झाली का नाही झाली?"

"झाली हो, पण जाऊ द्या ना आता."

"का जाऊ द्यायची?"

साहेबांनी रेडियमवाल्याकडे पाहिलं, म्हणजे सांगा तुमच्या बहिणीला. रेडियमवाल्याने घसा खाकरला.

"साहेब, माझी पावती फाडा."

"काय?"

"सोमवारी हिची गाडी जिथे होती, तिथेच शेजारी माझी होती. रेषेच्या पुढे. हिच्यापेक्षा हातभर जास्त. हिला दंड झाला, मला शेठ म्हटलं गेलं. माझी पावती राहिली आहे, ती फाडा. लिहून आणलंय, खाली सही केली आहे."

साहेब हसले. "अहो, तुमच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही."

"माझी आहे! माझ्याविरुद्ध."

बाहेरच्या बाकांवरची बडबड थांबली. मास्तर उठून दाराशी आले.

"आणि हे बघा," रेडियमवाल्याने खिशातून सकाळची पावती काढून टेबलावर ठेवली. "तीन वर्षांत मला एक दंड नाही. आज सकाळी स्टिकर काढला आणि तासाभरात हा झाला. वळण तेच, गाडी तीच, मी तोच. सांगा ना साहेब, मी तीन वर्षं सुधारलो होतो आणि आज सकाळी अचानक बिघडलो काय?"

दारातून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा बदलला. ते हवालदाराकडे वळले.

"हे म्हणतायत ते खरं आहे का? यांची गाडी पुढे होती?"

हवालदाराने खाली पाहिलं. पंखा घरघरत होता. त्याने मान वर केली तेव्हा तो घामाने डबडबला होता.

"खरं आहे साहेब. यांचीच जास्त पुढे होती."

"मग का नाही थांबवलंत?"

"साहेब," हवालदार म्हणाला, "हे तुम्ही मला विचारताय?"

बस! एवढंच. पण त्या खोलीत इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं, ते त्या एका वाक्यात बोलून झालं. बाहेरचा एक रिक्षावाला "बोला, बोला दादा!" असं ओरडला. साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"हा काय तमाशा आहे? तुम्ही लोक पोलिसांच्या विरोधात आहात! आणि रेडियमवाले, नवी ऑर्डर विसरा. दुसरीकडे जाईल ती."

अर्धं दुकान त्या ऑर्डरीवर चालत होतं. रेडियमवाल्याने टेबलावरची पावती उचलून खिशात घातली.

"जाऊ दे साहेब! कापणारे पुष्कळ मिळतील. आणि विरोधात मी नाही. विरोधात मी तीन वर्षं होतो, रोज, छातीवर तुमची ढाल मिरवत. हा माणूस उन्हात उभा राहून शिट्टी वाजवतो आणि ती माझ्यासाठी खोटी होते, याहून मोठा अपमान कोणता? आज पहिल्यांदा मी त्याच्या बाजूने उभा आहे."

"मला सूट नको," ताई म्हणाली. "लायसन्स घ्यायचं असेल तर घ्या. पण आधी याचं सांगा. मग माझं सांगा."

साहेबांना दोन्ही करता येईना. भावाची पावती फाडावी तर स्टिकरचा मामला कागदावर येतो. बहिणीला शिक्षा करावी तर दारात पंचवीस साक्षीदार. त्यांनी फाईल मिटली. "निर्णय राखून ठेवला आहे. नंतर कळवू."

रेडियमवाला घरी गेला नाही. खालच्या मजल्यावरच्या खिडकीशी जाऊन त्याने माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहिला. एकच प्रश्न. 'गेल्या तीन वर्षांत शुभचिंतक स्टिकर असलेल्या किती गाड्यांना आपल्या शाखेने दंड केला?'

"असा आकडा ठेवत नाहीत," खिडकीतली बाई म्हणाली.

"मग ठेवत नाही, असं लिहून द्या."

तिने त्याच्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघितलं, आणि पोच म्हणून शिक्का मारला.

आता रेडियमवाल्याच्या दुकानावर नवी पाटी आहे, 'काचेवरचे स्टिकर फुकट काढून मिळतील'. पहिल्या आठवड्यात चारच जण आले. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाज वाटायची हो, पण सोय सोडवत नव्हती. एक व्यापारी आला तो काढायला नव्हे, शिव्या द्यायला. देऊन गेला. काकांनी त्याला पेपराआडून सांगितलं, "गाडी मनाईच्या जागी लावली आहेस बघ." तो पुटपुटत गेला, पण गाडी हलवून गेला.

रेडियमवाला आता रेषेच्या मागे थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. त्याला उशिरा का होईना, एक कळलं आहे, आणि ते तुम्हा-आम्हा सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. कायदा मोडला जातो तो फक्त रेषा ओलांडताना नाही. रेषा ओलांडलेल्या दोघांपैकी एकालाच थांबवलं जातं आणि दुसरा खाली मान घालून निघून जातो, तेव्हा तो खरा मोडतो. मित्रांनो, पोलिसांचा आदर करा, मनापासून करा. तो करायची जागा काचेवर नाही, ब्रेकवर आहे. आपल्या वाट्याला आलेली शिट्टी ऐकून थांबणं, याहून मोठा पाठिंबा कुणी कुणाला दिलेला नाही.

ताई अजून व्हॅन चालवते आहे. निर्णय अजून राखूनच आहे. रोज सकाळी किल्ली फिरवताना तिला वाटतं, आज कागद येईल. असं टांगून ठेवणं हीसुद्धा शिक्षाच आहे, आणि ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही.

अर्जाला उत्तर द्यायची मुदत संपून अकरा दिवस झाले. साहेब, आज आम्ही पुन्हा आलो आहोत. रेडियमवाला आहे, ताई आहे, मास्तर आहेत, त्या दिवशीचे सहा रिक्षावाले आहेत, आणि गुडघे धरत जिना चढून काकाही आले आहेत. प्रश्न सोपा आहे, त्याला फाईल लागत नाही. तीन वर्षांत तुमच्या ढालवाल्या किती गाड्यांना दंड झाला? शंभर असेल तर शंभर सांगा, आम्ही माफी मागून घरी जाऊ. शून्य असेल तर शून्य लिहा, खाली सही करा आणि तारीख घाला. किती, साहेब?